मी तुला ताक सांगितलं होतं

प्रिय ताई,

तू गेल्याला तीन वर्षं झाली. या काळात कितीदा तरी तुला लिहायला बसले, पण दुसऱ्या ओळीत काय लिहावं लागेल ते माहीत असायचं, म्हणून कागद बाजूला ठेवायचे. काल पुन्हा अकोल्याच्या त्याच दवाखान्यात जाऊन आले. या वेळी सोबत तुझी लेक पूजा होती. आता लिहिलंच पाहिजे.

घाबरू नकोस. आधी सगळं ऐकून घे.

पूजानं तुझं बांगड्यांचं दुकान पुढे चालवलंय. केनवड, रिसोड, जऊळका, तुझेच बाजार, तुझीच पत्र्याची पेटी, जीप पकडायची तीच घाई. गिऱ्हाइकाचा हात दाबून बांगडी चढवताना ती बोलते ना, तेव्हा आवाज तुझा येतो. एकदा मी पाठमोरी उभी होते आणि "काय ताई?" म्हणून वळले. तिनं ऐकलं नाही असं दाखवलं.

आधी मला त्या आवाजाचीच भीती वाटायची. मग लक्षात आलं, आवाजाबरोबर तुझ्या सवयीही तिच्यात उतरल्यात.

तुझा बाजाराचा दिवस मला तोंडपाठ आहे. सकाळी रिकाम्या पोटी चहा, आणि मग पाण्याला तोंड लावायचं नाही. पाणी प्यायलं की उठावं लागतं, आणि पेटी उघडी टाकून उठायचं कसं? लागली तरी दाबून धरायचीस. तीन-चार वाजता गार भजी, वर पुन्हा चहा. घरी आल्यावर दिवसभराची भूक एकदम जेवायचीस, आणि आडवं होण्याआधी कोमट पाण्यातून चमचाभर पोट साफ व्हायचं चूर्ण. त्या एका चमच्याचे दोन कधी झाले, तुलाही कळलं नसेल.

आणि मी कोण होते? अंगणवाडीबाई. भिंतीवर तक्ते लावून अख्ख्या गावच्या बायांना सांगायचे, ज्वारीची भाकरी खा, डाळ-पालेभाजी, ताक रोज असू द्या, घास नीट चावा, भरपूर पाणी प्या, शौचाला लागली की थांबू नका. तू एकदा येऊन मागे बसली होतीस. सगळं ऐकलंस आणि हसत विचारलंस, मंदा, तुह्या तक्त्यात बाजारात बसणारी बाई कुठं आहे? मीही हसले. पुढच्या तक्त्याकडे वळले.

मग तो उन्हाळ्यातला दिवस. माझ्या अंगणात आपण दोघी कुरड्या घालत होतो. तू इकडेतिकडे पाहिलंस, आवाज खाली आणलास.

"मंदे, संडासातून लाल जाऊन राह्यलं. लय दिस झाले."

माझे हात चिकात भरलेले होते. मी वर पाहिलंसुद्धा नाही.

"मूळव्याध असीन. गरमी झाली तुले. ताक पेत जाय, तिखट बंद कर."

एवढंच बोलले, ताई. मग मी तुला सोऱ्या दे म्हणाले आणि तू दिलास.

तू किती ऐकलंस माझं! तिखट सोडलंस, रोज ताक घेतलंस, गव्हाच्या पोळ्या टाकून ज्वारीवर आलीस. बरं वाटून राह्यलं असंही सांगितलंस. ते खरं होतं, की माझं मन राखायला? दिवाळीला तुझ्या हातात एक माप लहान बांगड्या दिसल्या. विचारलं तर म्हणालीस, जुन्या फुटल्या, हाताशी आल्या त्या घातल्या. बांगड्या विकणाऱ्या बाईला स्वतःच्या मापाच्या मिळू नयेत? हा प्रश्न मला तेव्हा का पडला नाही?

रागही येतो तुझा. मला दुसऱ्यांदा का सांगितलं नाहीस? एकदा तरी माझा हात धरून, चिकासकट, मला वर पाहायला का लावलं नाहीस?

अकोल्याला कळलं तेव्हा आतड्यातला कॅन्सर लिव्हरपर्यंत गेला होता. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, पाणी न प्यायल्यानं झालं का, चूर्णानं झालं का. ते म्हणाले, असं एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. चांगल्या सवयी हव्यातच, पण रक्त दिसलं की तपासणी आधी, घरचे उपाय नंतर.

त्याच दुपारी नर्सनं तुला विचारलं, मावशी, इतके दिवस काय केलं? तू उशीवरून मान उचललीस.

"माही बहीण अंगणवाडीत आहे. तिनं सांगतलं तसं सगळं केलं मी."

किती अभिमानानं म्हणालीस गं. मी तुझ्या पायाशी उभी होते.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत दोन वर्षं मी त्या तक्त्यांपुढे उभी राहिले, पण ताकावर बोट आलं की ते वगळून पुढच्या चित्रावर जायचे. घरात ताक घुसळणंही बंद केलं. त्या वासाबरोबर तुझी उचललेली मान दिसते.

दोन-अडीच महिन्यांपूर्वी रिसोडच्या बाजारात पूजाजवळ बसले होते. ओठ फुटलेले, पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरलेली, आणि एक मूठ ओटीपोटाशी दाबून धरलेली. ती मूठ मी ओळखली. हळूच विचारलं, "पूजा, लाल जाते का?"

ती बांगड्या लावत राहिली. मग होकारार्थी मान हलवली. "मावशी, होईन बरं. कोणाच्या भरोशावर दुकान सोडू?"

मी पेटीचं झाकण लावून टाकलं. समोर गिऱ्हाईक उभं होतं. काहून असं करून राह्यली म्हणून ती माझ्यावर चिडली, तरी मी तिला उठवून घेऊन निघाले. त्याच दिवशी रिसोडच्याच डॉक्टरांना दाखवलं. तुझ्या आजाराचं ऐकून त्यांनी अकोल्याला दुर्बिणीच्या तपासणीसाठी पाठवलं.

आतडं स्वच्छ निघालं, ताई. कडक शौचानं चीर पडली होती, तेवढीच. काल फेरतपासणीत तीही भरलेली दिसली. आईला कॅन्सर होता म्हणून तिला पुढेही तपासत राहावं लागेल, ते डॉक्टरांनी लिहून दिलंय.

आता प्रत्येक बाजारी मी पेटीपाशी बसते. पूजा पाणी पिते, लागली की जवळपासच्या ओळखीच्या घरी जाऊन येते, बाराच्या ठोक्याला भाकरी-भाजी खाते. आधी कुरकुरायची. एवढ्यात स्वतःच म्हणाली, मावशी, पोट हलकं लागून राह्यलं.

रिपोर्ट हातात आला तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. तिला वाटलं, आनंदानं. आनंद होताच गं. पण मला दिसलं ते वेगळंच. एक झाकण लावायचं आणि जीपमध्ये बसायचं, इतकंच तर होतं. तुझ्यासाठी इतकंच करायचं होतं.

पूजा उठून गेली की त्या पाच-दहा मिनिटांत तू माझ्या बाजूला येऊन बसतेस. मी विचारत नाही, माफ केलंस का म्हणून. तू लगेच हो म्हणशील, आणि तेच मला सोसणार नाही.

वचन एकच देते. यापुढे कोणतीही बाई माझ्या कानाशी येऊन तसं काही बोलली, तर मी तिला काहीही सांगणार नाही. हात धुवीन, चपला घालीन आणि तिच्यासोबत निघीन.

तुझी धाकटी,
मंदा
केनवड