बाबांच्या फोटोखालची ओळ

१४ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी पाठ आता कशी आहे? भावोजींची बदली टळली हे वाचून बरं वाटलं. इकडे मी नोकरी सोडली. पुढचं वाचल्यावर कारण विचारणार नाहीस.

आमच्या दम्याच्या सिरपची जाहिरात तू पाहिली होतीस. ‘एक चमचा, आणि डोंगर पळत चढा!’ असलं लिहायला मला कधी काही वाटलं नाही. ते वाचून कुणी डोंगर चढायला निघत नाही. पण त्याखाली बाबांचा फोटो होता आणि मी लिहिलं होतं, ‘मी पंप टाकून दिला. आता मोकळा श्वास घेतो.’ बाबांनी तेव्हा त्या सिरपचा थेंबही घेतला नव्हता. साहेब म्हणाले, थोडं वाढवून लिहिलं तर चालतं.

मागच्या गुरुवारी दुपारी एक शिवणकाम करणाऱ्या बाई ऑफिसात आल्या. हातात सिरपची बाटली. बोलताना छातीतून शिट्टी वाजत होती. जाहिरातीतल्या गृहस्थांना भेटायचंय म्हणाल्या. मंगळवारी दवाखान्याच्या बाकावर ते शेजारी बसले होते, त्यांच्या सांगण्यावरून यांनी पंप फेकला होता, आणि आता दम लागत होता.

मी म्हटलं, तुमची गल्लत होतेय. ते वारले, वर्ष होत आलं.

बाई म्हणाल्या, “सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत होते. मी विचारलं, खरंच गुण येतो का? तर म्हणाले, माझ्या पोरानेच लिहिलंय. तो खोटं कशाला लिहील?”

ताई, फोटोत चष्मा नाही. आणि बाबांच्या तोंडचं ते वाक्य फक्त मी ऐकलेलं आहे.

जाहिरात छापून आली त्या सकाळी बाबांनी स्वतःच्या फोटोखालचं दोनदा वाचलं. “खरंच पंप सुटतो का रे?” मी घाईत होतो. हो म्हणालो. तेव्हा ते हेच बोलले आणि त्यांनी पंप कपाटात ठेवून दिला. बाराव्या दिवशी गेले. पंप भरलेला कसा, हे तू विचारलंस, तेव्हा डॉक्टरांनी औषध बदललं होतं असं मी सांगितलं. ते खोटं होतं.

बाईंना टॅक्सीत घालून हॉस्पिटलात नेलं. त्या वाचल्या. वाटेत त्यांनी मागे वळून दोनदा विचारलं, ते नाही का येत?

काल ग्राहक तक्रार कार्यालयात जाहिरातीचा माझ्या हस्ताक्षरातला मसुदा दिला आणि जबाबावर सही केली. सिरपची विक्री थांबवली आहे. साहेबांसोबत माझ्यावरही खटला होईल. मी वकील केलेला नाही.

तिथल्या कारकुनाने विचारलं, फोटोतले हे तुमचे कोण? मी सांगितलं. तुला सांगायला मात्र अकरा महिने लागले.

तू म्हणशील तरच
तुझा भाऊ