टाळ्या पडल्या तो हात

खातून, हैदराबादेतनं तुला सलाम.

मी खुशाल हाय. फोनवर तू रडली असतीस, म्हणून लिवतोय. अक्षर बघ, सरळ आलंय. आपल्या रुक्सारचा खोकला थांबला का?

मेंदूत तार बसवणाऱ्या डॉक्टरांची ही वरसाची परिषद लय मोठी हाय. आपल्या डॉक्टरांनी मला स्टेजवर बसवलं आणि माझ्या मेंदूतली तार चालवणारं छातीतलं यंत्र बंद केलं. तसं ठरलं हुतं, पण तुला सांगायचा धीर झाला न्हाई. हात पयल्यावानी थरथरायला लागला.

एका डॉक्टरीणबाईंनी बांगड्या भरायला मनगट पुढं केलं. मी म्हटलं, "न्हाई बाई, असल्या हातानं बांगडीवाला कुणाचं मनगट धरत न्हाई. काच रुतती."

मग डॉक्टरांनी यंत्र सुरू करायचं बटण दाबलं, तरी हात थांबंना. परत दाबलं. डॉक्टर माझ्याकडं बघंनात.

मग हात हळूहळू निवला. बाईंना हिरवा चुडा भरला, एकबी बांगडी पिचली न्हाई. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मला तू आठवलीस. गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून ह्योच हात तू दुकानात पदराखाली धरून बसायचीस.

तुझा,
मोहिद्दीन