खाजणातलं शेवटचं दार

प्रिय मृणाली,

तुझं पार्सल सोमवारीच पोचलं. फोनवर मी नुसतं "मिळालं" म्हणालो आणि नळाला पाणी आलंय असं सांगून ठेवून दिला. पाणी सकाळीच येऊन गेलं होतं. आयर्नफेनचा दुसरा भाग निघणार म्हणून तू दोन वर्षं डोळे लावून बसली होतीस. शिमग्याला येशील तेव्हा दोघं मिळून खेळू, तोवर पहिल्या भागातला आपला जुना सेव्ह, म्हणजे अर्धा खेळून जपून ठेवलेला डाव, नव्यात घालून ठेवा, त्यात आई आहे, असं तू आतल्या चिठ्ठीत लिहिलंस. ते काम मी केलं. कसं केलं ते फोनवर सांगता येणार नाही, म्हणून हे कागद काढलेत.

इकडे मोहोर यंदा काळा पडलाय. तुडतुड्यांनी खाल्ला. मागच्या दारच्या आंब्याखाली उभं राहिलं की खांद्यावर काळी भुकटी पडते. मी आपला बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसतो आणि तुझं कॉलेज बंद होतं ते वर्ष आठवतो. चौतीस वर्षं पोरांकडून कविता म्हणून घेतलेल्या माणसाच्या हातात तू ते खेळाचं यंत्र दिलंस, तेव्हा मला वाटलं, ही नुसती तलवारीची खणाखणी, यात काय रमायचं? मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की चौकोनाचं बटण भुजंगप्रयाताच्या चालीवर दाबलं तर एकही घाव फुकट जात नाही. यमाता यमाता यमाता यमाता, आणि चौथ्या यमाताला राक्षस आडवा! तू हसून हसून जमिनीवर लोळलीस. आयर्नफेन म्हणजे काय, असं आईने विचारलं. तू म्हणालीस लोखंडी दलदल, तर ती म्हणाली, म्हणजे आपलं खाजणच की. तेव्हापासून घरात त्याचं नाव खाजणातला खेळ.

त्यातला तलवारवाला मी. तिरंदाज पोरीला आपण तुझं नाव दिलं. कंदील घेऊन मागून चालणारी, सगळ्यांच्या जखमा भरणारी ती बाई, तिला दमयंती. आई फणसाच्या आठळ्या सोलत बघत होती. म्हणाली, "इथेही मलाच तुमच्या मागून धावायला लावलंत." बोलली रागाने, पण दुसऱ्या दिवशी जेवताना तिने स्वतःच विचारलं, काल माझं काय झालं, जगले ना मी?

शेवटच्या दाराशी आपण थांबलो. तुला पुण्याला परतायचं होतं. हे दार एकट्याने उघडायचं नाही, असं माझ्याकडून वदवून घेऊन तू गेलीस. त्यानंतर आईचं दुखणं सुरू झालं, आणि मग आईच राहिली नाही. सहा वर्षं मी ते दार उघडलं नाही. पण तुला कधी बोललो नाही, खेळ मी लावत असे. संध्याकाळी तलवारवाल्याला शेकोटीपाशी नेऊन उभा करायचा आणि काही करायचं नाही. थोडा वेळ तो हलला नाही की दमयंती कंदील घेऊन पुढे येते आणि इंग्रजीत विचारते, थकलात का? एवढं इंग्रजी मला समजतं. तेवढ्यासाठी लावायचा. दिवेलागणीला बंद करायचा.

मधे सदू भेटला होता. तुझ्याहून बराच मोठा, माझा दहावीचा विद्यार्थी, आता लोट्याला कंपनीत आहे. बोर्डाच्या गणिताच्या पेपरादिवशी सकाळी त्याचे वडील गेले. निरोप घेऊन माणूस शाळेच्या फाटकाशी आला. परीक्षेचा केंद्रसंचालक मी. मी फाटक उघडलं नाही. पेपर संपू दे, मग सांगू, म्हणालो. आपल्याकडे सगळे असंच करतात, आणि सगळ्यांनी मला शाबासकीच दिली, सदूच्या आईनेसुद्धा. सदूला पहिला वर्ग मिळाला. तो एसटी स्टँडवर माझ्या पाया पडला, चहा पाजला आणि कप खाली ठेवता ठेवता सहज बोलल्यासारखं म्हणाला, "गुरुजी, त्या पेपरात काय लिहिलं ते आता एक अक्षर आठवत नाही. बाबांजवळ मात्र पोचायचं राहिलं." रागाने बोलला नाही.

आता दाराचं. दुसरा भाग जुना सेव्ह घेईना. आधीची गोष्ट पूर्ण करा, म्हणतो. दिलेला शब्द मोडून मी मंगळवारी दुपारी ते दार उघडलं. पलीकडे लढाई अशी नाहीच. कंदीलवाली जखमी होऊन उंबऱ्याशी पडते. तिरंदाज लांब टेकडीवर मशाल पेटवायला गेलेली. मशाल पेटली तर सगळा मुलूख वाचणार. तलवारवाल्याच्या हातात एक शिंग असतं. फुंकलं तर तिरंदाज धावत येते, मशाल राहते. नाही फुंकलं तर मशाल पेटते, पण दोघींची भेट नाही. कंदीलवाली कशानेही वाचत नाही. पडदा उत्तरासाठी थांबून राहतो. मी शिंग फुंकलं.

म्हणून दुसरा भाग अंधारात उघडतो. गावंच्या गावं पाण्याखाली गेलेली, आणि वाटेत भेटेल तो तिरंदाज पोरीला बोल लावतो, की काम टाकून पळाली. तू आलीस की पहिल्या दहा मिनिटांत विचारशील, बाबा, हे काय करून ठेवलंत, मला का बोलावलंत? तेव्हा तुझ्या तोंडाकडे बघून मला सांगता यायचं नाही.

आई अचानक गेली, काही बोलली नाही, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं. त्या आठवड्यात सोमवारीच ती म्हणाली, "मृणालीला बोलवा. पेपर काय, पुन्हा देता येतो." मी उद्या फोन लावतो म्हणालो. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. गुरुवारी तुझा शेवटचा पेपर होता. पहाटे तिने पुन्हा विचारलं, तेव्हा मी सांगितलं, निघाली, गाडीत बसली. मग ती दर थोड्या वेळाने विचारायची, कुठवर आली? मी रस्ता पाठ म्हणावा तसा सांगत गेलो. कराड सोडलं. मलकापूर आलं. आंबा घाट उतरते आहे. साखरपा. पाली. प्रत्येक नावाला ती मान हलवायची आणि दाराकडे बघायची. साडेअकराला तिने शेवटचं विचारलं. मी म्हणालो, हातखंबा, आता आलीच. तिने केसांवरून हात फिरवून ते सारखे केले. तू त्या वेळी पुण्यात पेपर लिहीत होतीस. मी तुला फोन केला दोन वाजता, पेपर सुटल्याची घंटा झाल्यावर.

शिमग्याला येशील की नाही, ते तू ठरव. मी विचारणार नाही.

हाक द्यायला चुकलेला, तरीही तुझाच,
बाबा