मला पेलेल अशी गाडी

१२ एप्रिल, शनिवार

पाडली. ऑरिनची काळी मोटरसायकल गराजच्या दारातच पाडली मी.

इंजिन बंद होतं, नुसती ढकलत वळवत होते. पुढचं चाक खडीवर गेलं आणि तोल गेला. आठशे पौंड एकदा एका बाजूला कलले की काही करता येत नाही. हँडल सोडायचं आणि पाय काढून घ्यायचा. पाय काढला, पण पोटरीला फटका बसलाच.

ऑरिन पायरीवर उभा होता. आवाजावरून कळलं त्याला. भिंत चाचपत धावत आला. "कुठंयस तू? पाय कुठंय तुझा?" आधी माझा पाय, मग गाडी. हे मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण नंतर जे बोलला ते विसरायचंय. दोघांनी पाठ लावून गाडी उभी केली, आणि मग म्हणाला, "वजनाचा प्रश्न नाही, नेड्रा. तू घाबरतेस. गाडीला कळतं ते."

शाळेच्या स्वयंपाकघरात रोज सूपाची भरलेली पातेली उचलते मी. घाबरत नाही. पण उंची पाच फूट दोन इंच. ती काही माझ्या हातात नाही.

१३ एप्रिल

पोटरी काळीनिळी. ऑरिननं बर्फाची पिशवी आणून दिली. 

२० एप्रिल, ईस्टर

किर्स्टन जेवायला आली होती. हॅम कापता कापता माझ्या लंगडण्यावर नजर गेलीच तिची. "आई, पंचावन्नाव्या वर्षी? आणि बाबांची ती धुडासारखी गाडी?" ऑरिन म्हणाला, "तुझी आई तू जन्मायच्या आधीपासून चालवते." खरं आहे. लग्नाआधी माझी स्वतःची छोटी गाडी होती. किर्स्टन झाली तेव्हा मी ती गाडी विकली. नंतरची वीस वर्षं मी ऑरिनच्या मागं बसून त्याच्या जाकिटाची शिवण बघत हिंडले.

हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑरिनला सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे, तो आता वाढतच जाणार. लायसन्स परत करून आलो. जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला माणूस! तेव्हापासून स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसतो. माणसं घरी आली तर तळघरात जातो. एकच हट्ट: "काळी विकायची नाही. तू चालव ती."

आणि मला चालवायचीय. गाडी, म्हणजे. पण त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी. हे अजून कुणाला बोलले नाही.

१७ मे, शनिवार

कॉलेजच्या पार्किंगमध्ये मोटरसायकलचा वर्ग. अठरा-वीस वर्षांच्या पोरांत मी आणि एक निवृत्त पाद्री. शिकवायला ट्वायला नावाची बाई, उन्हानं भाजलेली, आवाज भोंग्यासारखा. "खाली बघाल तर खाली जाल! जायचं तिकडं बघा!" पहिला तासभर मी क्लचशी भांडत होते. मग हाताला आपोआप आठवलं. डोक्याला नाही, हाताला.

जेवणाच्या सुट्टीत तिनं विचारलं, घरी कुठली गाडी आहे. मी सांगितलं. पाडल्याचंही सांगितलं. हसली नाही ती. म्हणाली, "ती तुमच्या नवऱ्याला मापून घेतलेली गाडी आहे. त्याचे बूट घालून पळाल का तुम्ही? दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकायला हवेत. हँडल पूर्ण वळवलं तरी कोपर ताणलं जाता कामा नये. रंग आणि चकचकाट नंतर बघा."

१८ मे

पास झाले! ऑरिनला सांगितलं. "छान," म्हणाला. रेडिओ काही बंद केला नाही.

७ जून, शनिवार

ला क्रॉसच्या शोरूममध्ये अख्खी सकाळ. विक्रेता ड्वाइट, गोड बोलणारा. मला बघून म्हणाला, "मिस्टर कुठं उभी करतायत कार?" म्हटलं, मिस्टर घरी आहेत, गाड्यांवर बसून बघणार मी.

पहिली गाडी लांबलचक, पाय ठेवायची खुंटी पार पुढं. पाय ताणून बसले तर पाठीचा कणा सीटवर आपटतो आणि हँडलपर्यंत हात जेमतेम. आरामखुर्चीत बसून घर वळवायचं म्हटल्यासारखं. दुसरी, पाचशे सीसीची, हलकी. पाय अगदी छान टेकले. एक चक्करही मारू दिली. पण महामार्गावर ट्रक शेजारून गेला की पानासारखी हलत होती. मला दिवसभर चालवता येईल अशी हवी, नदीच्या कडेनं आयोवापर्यंत जाऊन यायला. पाय टेकले, मन टेकलं नाही.

ड्वाइट म्हणाला, "बायकांना बहुतेक हीच आवडते." मी किमतीचा कागद न घेताच निघाले.

रात्री जेवताना ऑरिननं पहिल्यांदाच विचारलं, "कुठल्या कुठल्या बघितल्यास?" सगळं सांगितलं. "पुढं खुंट्या असलेली तुझ्या कामाची नाही," एवढंच म्हणाला. पण विचारलं तरी.

१४ जून, शनिवार

वेस्टबीला एक बाई गाडी विकतेय असं ट्वायलानं कळवलं होतं. होंडा शॅडो, साडेसातशे, मरून रंगाची. निघताना ऑरिन टोपी घालून दारात उभा. "मी येतो."

बाईचं नाव आर्डिस, वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे नवीन. "गुडघे म्हणतात चालव, मुलगी म्हणते नको. मुलीशी भांडायला दम उरला नाही," म्हणाली. ऑरिननं आधी इंजिनवर तळवा ठेवला. "गार आहे. चांगलं." म्हणजे आम्ही यायच्या आधी गरम करून ठेवली नव्हती; गरम इंजिनात खोडी लपतात. मग गुडघ्यावर बसून पुढच्या चाकाच्या दांड्यांवरून बोटं फिरवली, तेल गळतंय का बघायला. टायरच्या कडा नखानं चाचपल्या. आर्डिस माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "इतक्या प्रेमानं मला कुणी तपासलं नाही बाई." ऑरिनला ऐकू गेलं. लाजला.

मी बसले. दोन्ही तळवे टेकले. कोपर सैल. चालू केली, आणि आर्डिसच्या शेताकडेच्या रस्त्यानं टेकडीपर्यंत गेले. पहिल्या वळणावर खांदे घट्ट झाले होते. दुसऱ्या वळणावर जायचं तिकडं बघितलं आणि गाडी आपसूक कलली, जणू मी मनात आणायचीच वाट बघत होती. कापलेल्या गवताचा वास हेल्मेटमध्ये शिरला. एकटीच होते, मोठ्यानं हसले.

परत आल्यावर आर्डिस म्हणाली, "विचारत नाही काही. चेहराच सांगतोय."

ऑरिन म्हणाला, "आवाज साफ आहे. टेकडीवर तू तिसऱ्या गिअरमध्ये फार वेळ राहिलीस."

म्हणजे सगळा वेळ ऐकत उभा होता.

१५ जून

आर्डिसचा जावई ट्रेलरवर गाडी घेऊन आला. गराजात जागा एकीचीच. काळी तिथं, मरून बाहेर ताडपत्रीखाली.

ऑरिन म्हणाला, "म्हणजे काळी तू कधीच चालवणार नाहीस."

"नाही."

"शिकलीस ना आता. वर्षभरात जमेल."

"जमेलही. पण ती चालवली तर मी परत तुझ्या मागंच बसलेली असेन, ऑरिन. तू पुढं नसलास तरी."

तळघरात गेला. जेवायला वर आला नाही. मी चुकीचं बोलले असं वाटत नाही. तरी त्याचं ताट झाकून ठेवलंय.

२९ जून, रविवार

एकटी प्रेरी द्यु शिएनपर्यंत! डावीकडं कडे, उजवीकडं मिसिसिपी, पाण्यावर पेलिकनांचा थवा. समोरून येणारा प्रत्येक मोटरसायकलवाला डावा हात खाली करून ओळख देतो. वीस वर्षं तो हात ऑरिनसाठी असायचा. आज माझ्यासाठी होता. पहिल्या दोघांना उलट हात करायला विसरलेच.

घरी आले तर ऑरिन पायरीवर. "नदीला पाणी किती?" मी शेजारी बसून सांगत गेले. पाणी, पक्षी, कुठल्या वळणावर रस्ता उखडलाय. "त्या गुरांच्या गोठ्यापाशी?" "त्याच्या अलीकडं." डोळे मिटून ऐकत होता. हेल्मेट काढायचंही राहिलं माझं.

१३ जुलै, रविवार

काळी गेली. त्यानं स्वतः फोन करून गिऱ्हाईक शोधलं, मला काल सांगितलं फक्त. आयोवाचं जोडपं, दोघंही धिप्पाड. ऑरिननं त्यांना सगळ्या खोडी समजावल्या. थंडीत चोक किती ओढायचा, किल्ली कुठं अडते. शेवटी एकदा बसला, चालू केली, हँडल धरून नुसता ऐकत राहिला. मग उतरला. गाडी निघाली तेव्हा त्यानं हात हलवला, पण भलत्याच दिशेला. ते वळून डावीकडं गेले होते. मी सांगितलं नाही.

संध्याकाळी पॅनकेक केले, त्याला आवडतात म्हणून. खाल्ले. मी धीर करून विचारलं, "माझ्या मागं बसशील? एक चक्कर?"

"मागं बसून काय बघायचं असतं?"

"जाकिटाची शिवण."

आधी कळलं नाही त्याला. मग हसला, काट्यावरचा तुकडा पडेपर्यंत हसला. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा. पण शेवटी नकोच म्हणाला. "मला नाही जमायचं ते, नेड्रा. अंग आपोआप चालवायला बघेल. तुलाही पाडेन." हे खरं असावं. पुन्हा विचारणार नाही.

९ ऑगस्ट

दार लावून कुणाशी तरी फोनवर बोलतो. विचारलं तर "किर्स्टन." किर्स्टनला विचारलं तर तिला काही माहीत नाही. डॉक्टरांशी बोलतोय का? अजून काही बिघडलंय?

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी कॉफी घेऊन माझ्यासमोर बसला, रेडिओ बंद करून. म्हणाला, ते फोन मिनेसोटातल्या एका माणसाला होते; त्याच्याकडं साइडकार आहे, एका चाकावरची बैठक, शॅडोला बसेल अशी, उजव्या बाजूला. मागं नाही, शेजारी. लावली तर गाडी कलणार नाही, हँडलनं वळवावी लागेल, तू आत्ता शिकलीस ते बरंचसं उलटं होईल. हिवाळा येईपर्यंत लावून पाहू, नको वाटली तर काढता येते. "गाडी तुझी आहे, म्हणून विचारतोय. नाही म्हणालीस तर मी रुसणार नाही."

मी खिडकीतून मरून गाडीकडं बघितलं.  मग म्हटलं, "तीन चाकांची चालवायला शिकवतं कोण?"

"ट्वायला. सप्टेंबरात वर्ग आहे. शेजारी बसणाऱ्यालाही शिकावं लागतं, वळणावर अंग कुठं टाकायचं ते." मग जरा घुटमळला. "दोघांची नावं देऊन ठेवलीत."