मोटर आणि दादाचा डावा हात

४ नोव्हेंबर

‘काही कळत नाही त्यांना!’ — आणि हे दादाच्या तोंडावर! दादा समोर चाकाच्या खुर्चीत बसलेला, मांडीवर शाल, आणि त्याचे चिरंजीव चहा ढवळत मला सांगतायत — काका, बाबांना आता इथे काय अन् तिथे काय, सारखंच. महिनाअखेरीला शुश्रूषा केंद्रात हलवतोय. तिथे चोवीस तास नर्स असते.

हलवतोय म्हणे! जसं काही जुनं कपाट! मी म्हटलं, अरे, अर्धांगाच्या झटक्याने त्याची वाचा गेलीय, कान नाही गेले. तर खांदे उडवले. सूनबाई मान खाली घालून कपबशा गोळा करत होती. म्हणजे तिचीही संमतीच की!

चहा तसाच टाकून मागच्या पडवीत गेलो. तिथे बोटीची मोटर. दुरुस्त करायची म्हणून दादाने उन्हाळ्यात ती पार खोलली, आणि तेवढ्यात हा झटका. आता सांगाडा लाकडी घोडीवर टांगलेला, बाकीचे भाग बिस्किटांच्या डब्यांत. दादा हीच मोटर वडिलांच्या बोटीला लावून मला पलीकडच्या काठावरच्या शाळेत सोडायचा. मी पुढे बसून कविता पाठ करायचो, तो मागे सुकाणूवर. ‘कविराज, आवाज चढवा, मोटर जिंकतेय!’

ती चालायचीही वृत्तात — लगागा लगागा लगागा लगागा. शुद्ध भुजंगप्रयात! गुरुजींच्या आधी मला वृत्त शिकवलं ते या मोटरने.

ठरलं. ही मी जोडणार. दादाला विचारून विचारून जोडणार. मग बघू कोणाला काय कळत नाही ते!

७ नोव्हेंबर

पाना कोणत्या बाजूने धरायचा हे मला आयुष्यभर कळलं नाही. पण आज रीत सापडली! दादाच्या खुर्चीला जेवणाची फळी आहे. तिच्यावर दोन भाग ठेवायचे आणि विचारायचं, आता यातला कोणता? चुकीचा असेल तो दादा डाव्या हाताच्या बोटांनी ढकलून देतो. बरोबर असेल तो मुठीत धरतो — सोडतच नाही, मला बोटं उकलावी लागतात.

चिरंजीवांना बोलावून दाखवलं. म्हणाले, ‘काका, तान्ह्या मुलाच्या हातात काही दिलं तर तेही धरतं.’

तान्हं मूल! ज्याने तुला खांद्यावर बसवून पोहायला नेलं त्याला तान्हं मूल म्हणतोस? बोललो नाही. बोलायला हवं होतं.

९ नोव्हेंबर

पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा वाळून कडकडीत झालाय. लेथवाल्याकडे गेलो. ‘आजोबा, भंगारात घाला की!’ आजोबा म्हणे! त्याचंच डोकं कापसाच्या बोंडासारखं पांढरं! पण शेवटी शोधून दिला कुठून तरी.

१२ नोव्हेंबर

दातेरी चाकं बसली. आज दादाने एक वॉशर तीनदा ढकलला. मी तीनदा पुढे केला — मला वाटलं, तोच. चौथ्यांदा त्याने माझ्याकडे असं पाहिलं! लहानपणी मी वल्हं पाण्यात पाडलं तेव्हा पाहिलं होतं तसं. इतकं बरं वाटलं.

१३ नोव्हेंबर

पाठ धरली. गेलो नाही. सूनबाईचा फोन — बाबा दिवसभर दाराकडे बघत होते. हे नवऱ्याला सांग ना, बाई! मला काय सांगतेस?

१५ नोव्हेंबर

आज डोक्यातून वाफा निघाल्या. केंद्राची गाडी तीस तारखेला सांगितलीय! पडवी मोकळी करायचीय, तर मोटर तेवढी लवकर हलवा, असंही वर. रॉकेलाचा वास घरभर येतो म्हणे.

मग मीही सुटलो. फळीवर मूठ आपटली, डबे उडाले. म्हटलं, ‘एकदा ही मोटर सुरू होऊ दे! मग या घराच्या दारात पाऊल ठेवलं तर बापाचं नाव लावणार नाही!’

चिरंजीव उठून आत गेले. सूनबाई त्यांच्या मागोमाग. दादा माझ्याकडे बघत होता.

डबे वेचून ठेवले आणि तडक घरी आलो. बरं झालं बोललो.

१७ नोव्हेंबर

कार्ब्युरेटरची सुई गायब! परवा फळीवर होती, मी स्वतः पुसून ठेवलेली. दाढेएवढी पितळी वस्तू, पण पेट्रोल अडवते ती एकटीच. ती नसेल तर पेट्रोल नुसतं वाहून जाणार. बाकी सगळं जोडून तयार, आणि नेमकी तीच नाही!

मी आपटलेल्या मुठीने उडाली असेल, असं चिरंजीव म्हणाले. वा रे वा! डबे उडाले ते सगळे मीच वेचले होते, आणि नंतर सुई पुसून दादापुढे ठेवली होती. झाडलोट केली कोणी? सूनबाईला विचारलं तर डोळ्यांत पाणी. ‘काका, मी टाकीन का?’ टाकशील! मुद्दाम नाही, पण केरात गेलेल्या वस्तूला मुद्दाम काय अन् चुकून काय!

केराची बादली पडवीत उपडी केली. दादा शेजारी बसून बघत होता.

२० नोव्हेंबर

सुई नाही. गादीखाली नाही, डब्यांत नाही, नळीत नाही. तिच्यावाचून दादाही ढिम्म झालाय. काही दाखवलं तरी ढकलत नाही, धरत नाही. चिरंजीव दारातून बघून गेले. त्यांचं ते ‘सांगितलं होतं ना’ वालं तोंड!

२४ नोव्हेंबर

लेथवाल्याने नवी सुई घासून दिली. तोंडाने भंगार भंगार म्हणतो आणि भिंग लावून तासभर घासत बसतो, असा माणूस.

२६ नोव्हेंबर

सुरू झाली!!

अंगणात पाण्याचं पिंप ठेवून मोटर त्याच्या काठाला लावली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं. दोरी गुंडाळली, ओढली — खोकली. पुन्हा ओढली — यतिभंग! तिसऱ्यांदा खांदा निखळतोय असं वाटलं आणि — धूर, आवाज, पिंपातलं पाणी घुसळून बाहेर! भुजंगप्रयात कसला, चक्क मुक्तछंद! पण चालतेय! शेजारी गच्चीवर आले. सूनबाईने टाळ्या वाजवल्या. चिरंजीवसुद्धा हसले.

मी दादाकडे वळलो.

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. खुर्ची फिरवून त्याला मोटरीसमोर आणला — डोळे मिटून घेतले. ‘दादा, ऐक ना, चालतेय!’ काही नाही. हात मांडीवर पालथा पडलेला.

मोटर बंद केली. चिरंजीव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘काका, तुम्ही फार केलंत.’ इतक्या मायेने म्हणाले की कानाखाली द्यावीशी वाटली.

२७ नोव्हेंबर

गेलो नाही. कशाला जाऊ? मोटर झाली, आणि नाव लावणार नाही असं बोलूनही बसलोय.

पण रागावू कोणावर? ज्याच्यासाठी सगळ्यांशी भांडलो त्याने साधी मान वळवली नाही. चिरंजीवांचंच खरं असेल. तान्ह्या मुलासारखा धरत होता, आणि मी आपला त्यात अर्थ वाचत बसलो. कविता वाचून वाचून लागलेली खोड — जिथे नाही तिथे अर्थ!

तरी तीस तारखेच्या गाडीत मी त्याला बसवणार नाही. ज्यांना बसवायचंय त्यांनी बसवावं.

२९ नोव्हेंबर

सकाळी सूनबाईचा फोन. आवाज कापत होता, रडत होती की हसत होती कोण जाणे. ‘काका, सुई सापडली. बाबांच्या डाव्या पायमोज्यात. टोचू नये म्हणून वर कापूस गुंडाळलेला! आणि मोजे तर रोज मी बदलते. म्हणजे रोज नवी जागा शोधत होते, काका. मोटर झाली की तुम्ही येणार नाही म्हणालात ना.’

मागून चिरंजीवांचा आवाज — केंद्राला सांगत होते, गाडी पाठवू नका.

चोर! अट्टल, बेरड, दरोडेखोर माझा भाऊ! निघालोच आता. मोटर पुन्हा खोलायचीय — पार शेवटच्या वॉशरपर्यंत.