शेवटच्या रांगेपर्यंत

१९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. गुडघे कसे आहेत? वहिनीला ऑपरेशननंतर नीट दिसायला लागलं, असं लेकीकडून कळलं. आम्ही मजेत. मी अजून भाषणं करते, म्हणजे अजून भांडते. तुला पत्र लिहायला बावीस वर्षं लागली, ते राहू दे.

काल लेक आणि नात मला तुझ्या ऑपेरा हाउसात घेऊन गेल्या. डागडुजी होऊन ते पुन्हा उघडलंय. मी नाहीच म्हणत होते. लेक म्हणाली, "आई, ज्या वास्तूला एवढ्या शिव्या घातल्यास, ती आतून एकदा बघ तरी!" खरंच होतं ते. मी आत कधी पाऊलच टाकलं नव्हतं.

दादा, पाच मजल्यांचे सज्जे, सोनेरी वेलबुट्टी आणि वर ते झुंबर! मान मागे टाकून बघत राहिले. "अगं बाई" एवढंच तोंडून निघालं.

"आजी गप्प झाली! फोटो काढा कुणीतरी!" नात म्हणाली.

बड्या लोकांची ऐट म्हणून मी ज्याला हिणवलं, तिथल्या वेलीच्या पानापानावर छिन्नीचा घाव दिसत होता. कुणाच्या तरी आयुष्याची वर्षं होती ती. एवढी पुस्तकं वाचली, पण हे पान उघडलंच नाही.

मग वास्तू दाखवणाऱ्या बाईंनी आम्हाला रंगमंचाच्या वरच्या माळ्यावर नेलं. तुझ्या माळ्यावर. जहाजावर असावेत तसे शेकडो दोर, रंगवलेले देखावे वरखाली करायला! "इथे शिट्टी वाजवायची नाही," बाई म्हणाल्या. "दोरवाल्यांची ती खूण असायची. भलत्या वेळी वाजली, तर अख्खा डोंगर नटाच्या डोक्यात!" नातीने लगेच ओठांचा चंबू केला. लेकीने तो हाताने दाबला.

दोरवाले रोज काम संपलं की तिथल्या भिंतीवर पेन्सिलीने ओळ-दोन ओळी लिहीत, हे तू कधी सांगितलं नाहीस. तुझं उजवीकडे कललेलं अक्षर मी लांबूनच ओळखलं.

"आज खेळ नाही. चौकात धाकटीचं भाषण ऐकलं. माईक बंद पडला, तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला."

तेच भाषण. "हे थडगं बंद करा" म्हणून मी गरजले होते. महिन्याभरात दाराला कुलूप लागलं आणि तुम्हा सहा दोरवाल्यांचे हात रिकामे झाले. तू एका शब्दाने बोलला नाहीस. मी त्याला तुझा राग समजले आणि ताठ राहिले.

तिकिटं सामान्यांना परवडत नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. पण दारं उघडा म्हणायचं सोडून मी दारं बंद करा म्हणाले. गर्दीने टाळ्या वाजवल्या. तू त्याच गर्दीत उभा होतास.

शेवटी बाईंनी मला रंगमंचाच्या मधोमध उभं केलं. इथली कुजबुजसुद्धा वरपर्यंत जाते म्हणे. नात धावत पाचव्या मजल्यावर गेली. "आजी, भाषण!"

"दादा, चुकलं" एवढंच हळूच म्हणाले.

नात वरून ओरडली, "स्पष्ट ऐकू आलं!"

रविवारी पुन्हा जातेय. तुझा दोर कोणता, ते दाखवायला येशील? आता लिफ्ट बसवलीय.

माईकशिवाय,
तुझी धाकटी