कवड्या गळ्याशी नटतो

ज्याने शेषाची शय्या केली आणि ज्याने वासुकीला कंठी धरले, त्या हरिहरांची कृपा असो.

जुना जालना,
नागपंचमी

प्रिय गोदे,

भोकरदनहून तुझी गाडी आली नाही, अशी ही पहिलीच पंचमी. चैत्रात तू गेलीस, हे ठाऊक असूनही कालपासून वेशीकडे पाहतो आहे. या मनाला कोणते शास्त्र सांगावे?

देवघराशेजारची भिंत यंदा मी पोतारू दिली नाही. गतवर्षी तू रेखलेले नाग तिच्यावर तसेच आहेत. आठवतो आपला वाद? पूजेला नवनाग पुरेत, हा माझा आग्रह. तू मात्र त्यांच्याखाली घोणस, मण्यार, कवड्या, धामण यांनाही खवल्याखवल्यानिशी बसवायचीस. हे कोणत्या पुराणातले, असे मी विचारले, तेव्हा गंधाची काडी न थांबवता म्हणालीस, "भाऊ, वासुकी काही आपल्या गवऱ्यांत येत न्हाई. जो येतो त्याची ओळख नको?" आणि घरच्या लेकीसुनांकडून घोकून घ्यायचीस: कवड्या गळ्याशी नटतो, मण्यार शेपटीशी. म्हणजे पट्टे गळ्याशी ठळक तो बिनविषारी कवड्या, शेपटीशी ठळक ती जीवघेणी मण्यार.

गोदे, काल ते कामी आले.

सकाळी आपली सून यमुना गवऱ्या काढायला परसात गेली आणि हात झटकत मागे आली. सापाचे नाव घेऊ नये, म्हणून शेजारचे रंगनाथराव ओरडले, "सूनबाईला पान लागलं, जल्दी टांगा बोलवा!" त्यांनीच त्या जनावरावर धान्याची चाळण पालथी घातली. जाळीतून काळसर अंगावरचे पांढरे पट्टे दिसले. मण्यारच, असे जो तो म्हणू लागला.  ते ऐकताच तान्ह्याला सासूच्या मांडीवर ठेवून यमुना मला म्हणाली, "मामंजी, याला माझं नाव सांगत जा."

मी चाळणीवर वाकलो. पट्टे मानेपासूनच सुरू झालेले आणि तिथेच रुंद. शेपटीकडे पुसट होत विरलेले. मण्यारीच्या कण्यावरून मोठ्या खवल्यांची ओळ जाते, ती तू भिंतीवर ठसठशीत काढली आहेस. इथे पाठीचे सारे खवले सारखेच होते.

यमुनेला विचारले, "आत्याबाई काय शिकवायच्या?"

"कवड्या गळ्याशी..."

"मग हा कुठं नटलाय?"

तिने चाळणीकडे पाहिले, मग परसदारातून आत दिसणाऱ्या तुझ्या भिंतीकडे. "गळ्याशी," म्हणाली आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटले.

तरी टांगा दवाखान्यात नेलाच. माझी दृष्टी आता म्हातारी. तिच्यावर सुनेचा जीव कसा सोडू? डॉक्टरांनी दिवसभर ठेवून घेतले आणि सांगितले, "जहर न्हाई. बिलकुल घाबरू नका." परतल्यावर कवड्याला कुंडलिकेच्या काठी सोडले. रंगनाथराव म्हणाले, "पंचमीचा मान घ्यायला एक दिवस आधीच आला लेकाचा."

एक तक्रार मात्र आहे. दर पंचमीच्या आदल्या दिवशी भावासाठी उपाशी राहून तू माझे आयुष्य मागितलेस. ते मला मिळाले. तुझे कोणी मागितले? बहिणीसाठी भावाने धरायच्या उपवासाचे विधान मी पोथ्यांत शोधले, सापडले नाही. काल विधानावाचूनच धरला. उशीर झाला, नाही का ग?

आज यमुनेने गंध उगाळून तुझ्या चित्रांशेजारी आपला कवड्या काढला. फार लठ्ठ झाला आहे. तू हसली असतीस.

वचन देतो, माझ्या डोळ्यांत ज्योत आहे तोवर नवनागांखाली तुझी ही मंडळी बसतील, आणि आदल्या दिवशी या घरातला भाऊ उपाशी राहील.

हे जो कोणी वाचील, त्याचे पाऊल सुखरूप पडो. त्याच्या वाटेवरच्या मुक्या जिवालाही अभय असो. आणि त्याच्या बहिणीची गाडी सणाआधी वेशीत येवो.

तुझा,
भाऊ